घरातलं ऑर्किड मरतं का, आणि ते जगवायचं कसं

ऑर्किड नाजूक असतं हा समज इतका पक्का बसलाय की नर्सरीतून आणतानाच लोकांनी अर्धी आशा सोडलेली असते. फुलं दोन-अडीच महिने मस्त टिकतात, मग गळतात, मग पावसाळ्यात एकेक पान पिवळं पडत जातं आणि गणपती येईपर्यंत कुंडीत नुसता कुजका बुंधा उरतो. मग "आपल्याला नाही जमत बाबा हे" म्हणून पुढच्या वेळी परत जास्वंद नाहीतर मनीप्लँट. खरं म्हणजे ऑर्किड हे चांगलं चिवट झाड आहे. जगभरात त्याच्या २५ हजारांहून जास्त जाती आहेत, अंटार्क्टिका सोडलं तर सगळ्या खंडांवर सापडतात, नाजूक असतं तर एवढं पसरलं असतं का? आपल्याकडे ते मरतं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आपण त्याला बाकीच्या कुंड्यांसारखं पाणी घालतो आणि त्याची मुळं गुदमरतात. हे मुळांचं प्रकरण एकदा डोक्यात बसलं की बाकी खत, ऊन, कुंडी वगैरे गोष्टी आपोआप समजायला लागतात, म्हणून आधी तेच बघू.

आपण घरी जी ऑर्किड आणतो, म्हणजे फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, वांडा, ऑन्सिडियम, ती जवळजवळ सगळी मूळची झाडावर राहणारी. जमिनीतली ऑर्किडही असतात, कासच्या पठारावर पावसाळ्यात जी पांढरी हबेनारिया दिसतात ती जमिनीतली, पण त्यांचा कारभार वेगळा. झाडावरची ऑर्किड फांदीच्या सालीला मुळांनी घट्ट चिकटून बसतात आणि त्या झाडाकडून काहीही घेत नाहीत. गावाकडे त्यांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात, पण बांडगूळ खरोखर आंब्याच्या फांदीत घुसून रस ओढतं, ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत म्हणजे सालीच्या खाचेत अडकून कुजलेली पानं आणि पक्ष्यांची शीट, बस. सर आली की मुळं चिंब, सर गेली की वाऱ्याने काही तासांत परत कोरडी. भिजायचं, सुकायचं, परत भिजायचं, आयुष्यभर हेच.

या जगण्यासाठी त्यांची मुळंही खास बनलेली असतात. ऑर्किडचं मूळ हातात घेऊन बघा, ते जाड, पांढुरकं, जरा रबरी लागतं. आतलं खरं मूळ बारीक असतं आणि त्याच्यावर मेलेल्या, पोकळ पेशींचा एक जाड थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. हा थर म्हणजे स्पंज समजा. पाणी पडलं की काही सेकंदांत पिऊन घेतो आणि मग निवांतपणे आतल्या मुळाला देत राहतो. कोरडा असताना त्या पोकळ पेशींत हवा असते म्हणून मूळ चंदेरी-राखाडी दिसतं. भिजल्यावर हवेची जागा पाणी घेतं, थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हो, आत हिरवा रंग असतो, कारण या मुळांमध्ये हरितद्रव्य असतं आणि पानांसारखं थोडंफार अन्न तीही बनवतात. फॅलेनॉप्सिस पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत विकतात त्याचं एक कारण हे.

आता पाणी कधी घालायचं या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालंच. मूळ चंदेरी दिसतंय, पाणी घाला. हिरवं दिसतंय, थांबा. "आठवड्यातून दोनदा", "दर रविवारी" असले नियम मला अजिबात पटत नाहीत कारण मुंबईतला जुलै आणि नागपूरचा मे याला एकच वेळापत्रक कसं चालेल? झाड स्वतः रंग बदलून सांगतंय ना, मग कॅलेंडर कशाला बघायचं. कुंडी मातीची असेल आणि मुळं दिसत नसतील तर कुंडी उचलून बघा, हलकी लागली की पाणी. घालताना मात्र चमचाभर घालू नका, सिंकमध्ये किंवा बाथरूममध्ये नेऊन खालून वाहेपर्यंत धो धो घाला आणि पूर्ण निथळू द्या. खाली बशी असेल तर तिच्यात पाणी साठवून ठेवायचं नाही. आणि शक्यतो सकाळी घाला, म्हणजे रात्रीपर्यंत पानांच्या बेचक्यातलं पाणी सुकतं.

मुळं सतत ओली राहिली तर काय होतं? त्या स्पंजमध्ये हवा शिरायला जागाच राहत नाही, आतलं जिवंत मूळ श्वास घेऊ शकत नाही आणि मरतं, मग मेलेल्या मुळावर बुरशी आणि बॅक्टेरिया ताव मारतात. सडलेलं मूळ ओळखायला सोपं, तपकिरी, पिचपिचीत, दोन बोटांत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो. आता खरी गंमत पुढे आहे. मुळंच मेली म्हणजे झाडाला पाणी मिळत नाही, पाणी मिळत नाही म्हणून पानं मऊ पडतात, सुरकुततात, लोंबतात. आपण ती सुरकुतलेली पानं बघतो आणि म्हणतो अरेरे तहानलंय बिचारं, आणि अजून पाणी ओततो. जास्त पाण्याने आणि कमी पाण्याने, दोन्हीने पान सारखंच दिसतं, हाच या झाडाचा सगळ्यात मोठा चकवा आहे. म्हणून पान सुरकुतलं की आधी मुळं तपासा. मुळं टणक आणि चंदेरी असतील तर खरोखर तहान आहे, घाला पाणी. मुळं तपकिरी आणि गिळगिळीत असतील तर कुंडीतून काढा, सडलेली सगळी कापा, उरलेली दोन-चार चांगली असतील तरी झाड वाचू शकतं, नवीन कोरड्या मिश्रणात लावा, सावलीत ठेवा आणि पाण्यावर हात आखडता ठेवा, नवीन मुळाचं टोक दिसेपर्यंत खत तर बिलकुल नको.

कुंडीत काय भरायचं यावर लोक भांडतात, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे, माती नको. कोकोपीटही नको, ते इतकं बारीक असतं की भिजलं की चिखल होतो. लोणारी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटेचे तुकडे, पाईन झाडाची साल, यातलं जे मिळेल ते चालतं, तुकडे साधारण पाऊण ते एक इंचाचे, म्हणजे मधे हवा खेळते. सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर आधी तीन-चार दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, त्यातून मीठ आणि लालसर रंग निघून जाऊ दे. कोळसा फक्त लाकडाचा, दगडी कोळसा किंवा त्या दाबून बनवलेल्या विटा नकोत. मुंबई-कोकणात कोळसा आणि विटा जास्त, सोडण कमी. पुणे, नाशिक, संभाजीनगर अशा कोरड्या हवेत सोडणाचं प्रमाण वाढवा म्हणजे ओल जरा टिकते. मॉस, म्हणजे ते वाळकं शेवाळ, दिसायला छान असतं पण पाणी इतकं धरून ठेवतं की आपल्या पावसाळ्यात ते नको रे बाबा, एसीच्या कोरड्या खोलीत ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी.

मॉसचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या बुंध्याखाली, मुळांच्या अगदी मधोमध, बऱ्याचदा मॉसचा किंवा कोकोपीटचा एक घट्ट गोळा असतो, रोप छोटं असतानाचा. वरून साल सुकलेली दिसते, मुळं चंदेरी दिसतात, आणि आत तो गोळा आठवडाभर ओलाच असतो. झाड मधूनच सडत जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. फुलं असेपर्यंत हात लावू नका, पण फुलं संपली की कुंडीतून काढून तो गोळा बोटांनी हळूहळू मोकळा करून काढून टाका. नवीन कुंडी आधीच्यापेक्षा फार मोठी घेऊ नका, मुळं जेमतेम मावतील एवढीच, कारण मोठी कुंडी उशिरा सुकते. मुळं कुंडीच्या बाहेर हवेत लोंबायला लागली तर घाबरायचं कारण नाही, कापू नका, कोंबून आत घालू नका, ती तशीच असतात.

आता कुठलं ऑर्किड घ्यायचं. इथे माझं मत जरा ठाम आहे, फोटो बघून झाड घेऊ नका, आपलं गाव बघून घ्या.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे राहत असाल तर पहिलं झाड डेंड्रोबियम घ्या. लग्नाच्या डेकोरेशनमध्ये आणि बुकेमध्ये जांभळी-पांढरी फुलं असतात ना, ती बहुतेक वेळा थायलंडची सोनिया नावाची डेंड्रोबियमची जात असते. याला उष्ण दमट हवा आवडते, म्हणजे आपल्या किनारपट्टीची हवा त्याला माहेरासारखीच, भरपूर उजेड लागतो, आणि ते वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही फुलतं. त्याच्या उभ्या जाड कांड्या असतात, नर्सरीवाले त्यांना केन म्हणतात, त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं म्हणून चार दिवस विसरलात तरी मरत नाही. जुन्या कांड्यांची पानं झडली की लोक त्या मेल्या समजून कापून टाकतात, तसं करू नका. ती कांडी हिरवी आणि टणक असेल तर ती झाडाची पुंजी आहे, नवीन कोंबाला तिथूनच खाऊ मिळतो आणि कधीकधी तिच्या टोकाला परत फुलंही येतात. पिवळी पडून पोकळ झाली, सुरकुतून वाळली की मग काढा.

वांडा दिसायला राजेशाही, निळी-जांभळी-केशरी मोठी फुलं, पण तो नुसता लाकडी किंवा प्लास्टिकच्या बास्केटमध्ये लटकतो, मुळं फूट-दोन फूट हवेत, मिश्रण काहीच नाही. म्हणजे उन्हाळ्यात त्याला रोज पाणी, कधी दोनदा. समुद्रकिनारी उन्हाची बाल्कनी असेल आणि घरात रोज कुणीतरी असेल तर जरूर घ्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर गावी गेलात तरी परत येईपर्यंत मुळं काटक्या झालेली असतील.

फॅलेनॉप्सिस, ते पसरट पानांचं आणि फुलपाखरासारख्या फुलांचं, सगळ्यात जास्त विकलं जातं. कमी उजेडात चालतं, घरात ठेवता येतं, फुलं खूप टिकतात. फक्त त्याचं एक गणित आहे. हवा २८-३० अंशांच्या वर असली की ते पानं वाढवत बसतं, फुलाचा दांडा काढत नाही. साधारण २५ अंशांच्या खाली काही आठवडे गेले, आणि रात्री १६-१८ पर्यंत उतरल्या, की दांडा सुटतो. पुण्या-नाशिकला हे थंडीत आपसूक होतं, फक्त पारा १२-१३ च्या खाली जायला लागला की रात्री झाड घरात घ्या, जास्त थंडीने पानांवर खड्डे पडतात. मुंबईत मात्र वर्षानुवर्षं पानंच बघत बसलेले लोक आहेत. त्यांनी डिसेंबर-जानेवारीत झाड घरातून काढून बाल्कनीत ठेवायचं, मुंबईची जी काय चार दिवसांची थंडी असते ती त्याला पूर्ण मिळू दे. रोज रात्री एसी लागणाऱ्या बेडरूमच्या खिडकीत ठेवलं तरी काम होतं, फक्त एसीचा झोत थेट अंगावर नको.

विदर्भातल्या लोकांसाठी वेगळं सांगतो. ४४-४५ अंश आणि तोंड सुकवणारी हवा, यात कुठलंच ऑर्किड खूश नसतं. पण कूलर आहे ना! कूलरची गार ओलसर हवा खोलीत खेळत असते त्या खोलीत, पण झोताच्या बाजूला, उजेडाच्या खिडकीपाशी झाड ठेवलं की नवतपाही, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवसही, निघून जातो. तिथे डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस दोन्ही जमतात, वांडाच्या नादी लागू नये.

आणि गंगटोक-कालिम्पाँगच्या ट्रिपहून सिम्बिडियम आणणाऱ्यांनो, जरा थांबा. सिम्बिडियमला फुलायला रात्रीचा चांगला गारवा लागतो, तोही उन्हाळ्याच्या शेवटापासून, तो आपल्या सपाटीवर मिळत नाही. तिथे सिक्कीममध्ये पाकयाँगला ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, डोंगराळ हवा आहे, त्यांचं चालतं. आपल्याकडे ते हिरव्या गवताचा झुपका म्हणून वर्षानुवर्षं जगेल, बस. महाबळेश्वरला घर असेल तर प्रयत्न करा.

उजेडाचं सोपं आहे. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन सगळ्यांना चालतं, त्यानंतरचं फॅलेनॉप्सिसला भाजतं. पूर्वेची बाल्कनी असेल तर प्रश्नच मिटला. पश्चिमेची असेल तर हिरवं शेडनेट लावा, डेंड्रोबियमला ५० टक्क्यांचं आणि फॅलेनॉप्सिसला ७५ चं. झाड स्वतःही सांगतं, पानं गर्द काळपट हिरवी दिसायला लागली तर लोक खूश होतात, पण ती उजेड कमी पडत असल्याची खूण आहे. जरा पोपटी छटा असलेलं पान फुलं देतं. पानाला लालसर-जांभळट झाक आली तर ऊन जास्त होतंय. फुलं न येण्याच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक उजेडाशी येऊन थांबतात, खताशी नाही, हे लक्षात असू द्या.

खत म्हणजे पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ आणा, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं असलेलं, कृषी सेवा केंद्रात किलोचं पाकीट मिळतं आणि ते संपता संपत नाही. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच, आठवड्यातून एकदा. आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग खताचं पाणी द्यायचं, कोरड्या मुळांवर खत दिलं तर टोकं जळतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवायची म्हणजे साठलेला क्षार निघून जातो. फुलासाठी ०:५२:३४ देणारे लोक आहेत, द्यायला हरकत नाही, पण उजेड नसेल तर त्याने काही जादू होणार नाही. आणि ते तांदळाचं पाणी, केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, लसणाचं पाणी, हे सगळं रीलवाल्यांना लखलाभ. हवेशीर कोरड्या मुळांवर पिठूळ पाणी ओतायचं आणि मग बुरशी आली म्हणून औषध शोधायचं, हा उद्योग सांगितलाय कुणी?

साधं पाणी कुठलं, तर पावसाचं सगळ्यात उत्तम, उन्हाळ्यासाठी साठवता आलं तर बघा. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणीही ठीकच असतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, म्हणजे नळावर आणि बादलीवर पांढरा थर जमत असेल, तर आरओचं पिण्याचं पाणी वापरा. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीच नको, सगळा क्षार त्यातच असतो. जास्वंदाला घाला हवं तर, तेही जपून.

एक विचित्र वाटेल अशी गोष्ट. एप्रिल-मेमध्ये झाडाला कळ्या धरलेल्या असतात, सगळं व्यवस्थित चालू असतं आणि अचानक कळ्या पिवळ्या पडून एका आठवड्यात गळून जातात. त्याच खोलीत पलंगाखाली हापूसची पेटी पिकत ठेवलीय का बघा! पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, आंबा आणि केळी तो भरपूर सोडतात, आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो अगदी थोडासा मिळाला तरी झाड त्या टाकून देतं. धूप-अगरबत्तीचा धूर, गॅसची गळती, रंगकाम, यानेही असं होतं. देवघराशेजारी फुलांचं ऑर्किड छान दिसतं हे खरं, पण रोज धूप घालत असाल तर दुसरी जागा बघा. कळ्या असताना झाड सारखं इकडून तिकडे हलवणंही टाळा.

फुलं संपल्यावर फॅलेनॉप्सिसच्या दांड्याचं काय करायचं हे सगळे विचारतात. दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच चांगली जाड पानं असतील तर खालून दोन-तीन गाठी ठेवून वर कापा, एखाद्या गाठीतून नवीन फाटा फुटून थोडी फुलं परत मिळू शकतात. झाड अशक्त असेल तर लोभ करू नका, बुडापासून कापा, त्याला पानं आणि मुळं वाढवू द्या. दांड्यावर किंवा डेंड्रोबियमच्या कांडीवर कधी छोटं पिल्लू रोप येतं, त्याला केकी म्हणतात, त्याची मुळं दोनेक इंच होईपर्यंत आईलाच चिकटून राहू दे आणि मग वेगळं करा.

पावसाळा ही आपल्याकडची खरी परीक्षा. दमट हवा ऑर्किडला आवडते, पण वारा नसलेली दमट हवा बुरशीला त्याहून जास्त आवडते. जूनच्या आधीच कुंड्या एकमेकींपासून लांब करा, जमिनीवरून उचलून टांगा किंवा जाळीवर ठेवा, खोलीत असतील तर पंखा मंद चालू राहू दे. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं की तिथून सडतं आणि मधला कोंब गेला की झाड जवळपास गेलंच, त्यामुळे त्याला सरळ पावसात ठेवू नका, आणि कुंडी जरा तिरकी ठेवा. जंगलात ते फांदीवर तिरकं लोंबूनच वाढतं, सरळ उभं आपण करतो. पानावर पाणी भरल्यासारखा, पसरणारा, घाण वास येणारा डाग दिसला तर वाट बघत बसू नका. ब्लेड ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून घ्या, डागाच्या खाली चांगल्या भागातून कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि त्या झाडाला चार दिवस पाणी देऊ नका. दालचिनी मुळांवर मात्र टाकायची नाही, ती मुळं वाळवते. काळा डाग बुंध्याकडे सरकत असेल तर दुकानातलं कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात फवारा, मुलं आणि मांजरं लांब ठेवून, घरात नको बाहेर नेऊन. गोगलगाईंवर रात्री टॉर्च घेऊन नजर ठेवा, एका रात्रीत सगळी मुळांची टोकं खातात. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण कापसाला स्पिरिट लावून पुसला की जातो, दर आठवड्याला एकदा, असं तीन-चार आठवडे करावं लागतं कारण अंडी लपलेली असतात.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण त्यांनी ही सगळी कुंडी-कोळशाची झंझट करायचीच नाही. कोकणात, गोव्यात, अगदी सोसायटीच्या आवारात एखादं आंब्याचं किंवा चिकूचं झाड असेल तर जूनच्या सुरुवातीला डेंड्रोबियम कुंडीतून काढून, मुळं मोकळी करून, खोडाला किंवा जाड फांदीला सुती चिंधीने नाहीतर काथ्याने घट्ट बांधा. घट्ट म्हणजे हललं नाही पाहिजे, हललं तर नवीन मुळाचं टोक घासून मरतं. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर ऑर्किडही. पावसाळाभर मुळं साल पकडतात, दिवाळीनंतर चिंधी कुजून गळाली तरी चालतं. पहिल्या उन्हाळ्यात रोज पाईपने पाणी मारा, पुढे फार बघावं लागत नाही.

शेवटी विकत घेण्याबद्दल, कारण यात फसवणूक बरीच आहे. ऑनलाइन ऑर्किडच्या बियांची पाकिटं मिळतात, घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, एका शेंगेत लाखो असू शकतात, पण त्यात अन्नाचा साठाच नसतो. जंगलात एक विशिष्ट बुरशी त्या बीला खाऊ घालते तेव्हाच ते रुजतं. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं आणि १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकापासून हजारो एकसारखी रोपं बनवायची वाट दाखवली, म्हणून एकेकाळी श्रीमंतांचा शौक असलेलं हे झाड आज आपल्या बाल्कनीत आहे. कुंडीत बी टाकून काहीही उगवणार नाही. तसंच गडद निळं फॅलेनॉप्सिस, ते पांढऱ्या फुलाच्या दांड्यात रंग सोडून बनवतात, पुढचा बहर पांढरा येतो.

आणि आंबोलीच्या, महाबळेश्वरच्या रस्त्यावर कुणी सालीसकट उपटलेली रानातली ऑर्किड विकत असेल तर घेऊ नका. सगळं ऑर्किड कुळ साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही निळा वांडा, लाल वांडा, लेडीज स्लिपर ही नावं आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी उपटताना मुळं तुटलेली असल्यामुळे ती फ्लॅटमध्ये सहसा जगत नाहीत. आपली सीतेची वेणी, जी आसामात कोपौ म्हणून बिहूला केसात माळतात आणि तिथलं राज्यफूल आहे, तीच हवी असेल तर नर्सरीत वाढवलेली रोपं शोधून घ्या. छोटी असतात, फुलायला काही वर्षं लागतात, आणि ती कुंडीत घालण्यापेक्षा लाकडाच्या ओंडक्याला किंवा आंब्याला बांधलेली बरी, फुलांची लांब वेणी लोंबायला खाली जागा ठेवून.